चर्मपत्रवाल्यांच्या बाजूने

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत दोन रविवारांमागे इंटरनेटवरच्या जपानी कादंबऱ्यांवर एक लेख आला होता. मेलेला माणूस दुसऱ्या जगात जन्म घेतो, तिथे जादू असते, राजे-सरदार असतात आणि आपला नायक सगळ्यांना पुरून उरतो. असलं काहीबाही वाचून पोरं वाया चालली आहेत, असा त्याचा सूर. पुढच्या रविवारी एका कॉलेजकुमाराचं उत्तर आलं, की ज्यांनी वाचलं नाही त्यांनी बोलू नये. मी वाचलं आहे. सगळं नाही, पण पुष्कळ. म्हणून हे पत्र. लांबलंय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. कात्री लावायची तर शेवटाकडून लावा, मात्र ता. क. तेवढा ठेवा.

मी मिरजेचा. १९७१ साली, सतराव्या वर्षी, एका छापखान्यात झाडलोटीला लागलो आणि पुढची पंचवीस वर्षं खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवले. लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायट्यांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका. १९९६ मध्ये मालकांनी ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छपाईचं यंत्र, भंगारात काढलं. खिळे पोत्यात भरले आणि शिशाच्या भावानं वजनावर गेले. पोती उचलायला मीच होतो. त्यानंतर कॉम्प्युटरवर टाइप करणाऱ्या मुलांची प्रुफं तपासली, आता घरीच असतो. म्हणजे पुस्तकांशी माझं नातं वाचकाचं कमी, हमालाचं जास्त.

गेल्या पावसाळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांना ताण द्यायचा नाही, पेपरसुद्धा नको, असं डॉक्टरांनी बजावलं. मला पेपर नाही म्हणजे चहात साखर नाही. नात अकरावीत आहे. ती संध्याकाळी फोन घेऊन माझ्या खाटेवर बसायची. म्हणाली, "आबा, एक गोष्ट सांगते. यात तुमचा छापखाना आहे." इंग्रजी वाचायची आणि मराठीत सांगायची. पट्टी सुटल्यावर अक्षर मोठं करून पुढचं मी स्वतः वाचायला लागलो. इंग्रजी मॅटर मी बरंच जुळवलंय, पण उलटं आणि एकेक अक्षर. सुलटं सलग वाचायची सवय नाही, त्यामुळे सावकाश वाचतो.

कादंबरीचं जपानी नाव 'होन्झुकी नो गेकोकुजो'. होन्झुकी म्हणजे पुस्तकवेडं माणूस, आणि गेकोकुजो म्हणजे खालच्यानं वरच्याला उलथवणं. इंग्रजीत त्याचं 'असेंडन्स ऑफ अ बुकवर्म' झालंय. लेखिका मिया काझुकी. कोणीही आपली कादंबरी फुकट टाकावी आणि कोणीही फुकट वाचावी अशी 'शोसेत्सुका नि नारो' नावाची जपानी साइट आहे. तिथे ही सप्टेंबर २०१३ ते मार्च २०१७ या काळात प्रकरणाप्रकरणानं आली. एकूण ६७७ प्रकरणं, म्हणजे सरासरी दिवसाआड एक! २०१५ पासून तिची छापील पुस्तकं निघाली. पाच भाग, तेहतीस खंड, शेवटचा डिसेंबर २०२३ मध्ये. इंग्रजी अनुवाद जे-नॉव्हेल क्लबचा. मी पहिले तीन भाग, म्हणजे बारा खंड, पुरे केले आणि चौथ्यात अडकलो. का अडकलो ते पुढे सांगतो.

गोष्ट अशी. उरानो नावाची एक मुलगी. नुकतीच ग्रंथालयात नोकरी लागलेली. भूकंपात स्वतःच्याच पुस्तकांच्या ढिगाखाली चिरडून मरते. आपल्या लेखकाला ही सुरुवात बालिश वाटली होती. मला हसू आलं, कारण आमच्या छापखान्यातला रद्दीचा माळा कोसळला तेव्हा मी जेवायला घरी गेलो होतो म्हणून वाचलो. उरानो डोळे उघडते ती एका परक्या गावात, पाच वर्षांच्या आजारी माइनच्या अंगात. बाप वेशीवरचा शिपाई, आई रंगारणीचं काम करते, थोरली बहीण टुली. घर पाचव्या मजल्यावर, पाणी खालच्या विहिरीवरून आणायचं. आणि घरात एकही पुस्तक नाही. गल्लीतही नाही. पुस्तकं सरदार-दरकदारांकडे. चर्मपत्राच्या, म्हणजे लिहिण्यासाठी कमावलेल्या कातड्याच्या, एका तावाला बापाचा महिन्याचा पगार पडतो. तेव्हा ही पोरगी ठरवते, की पुस्तक मिळत नाही ना, मग आपणच करू.

पुढचे दोन-तीन खंड तिला ते जमत नाही, आणि या कादंबरीची सगळी गोडी त्या न जमण्यात आहे. आधी गवताच्या काड्यांचे तंतू आडवे-उभे विणून कागदासारखं काही करू पाहते. बोटभर तुकडा होतो आणि जीव जातो. मग मातीच्या विटा करून त्यांवर लिहिते. त्या पोरं तुडवतात. पुन्हा करते आणि भाजायला चुलीत ठेवते, तर फुटतात. मग लाकडाच्या पट्ट्यांवर लिहिते, तर आई त्या सरपण समजून जाळते. ही खरी छापखान्याची गोष्ट! आमच्याकडे बांधून ठेवलेला फर्मा, म्हणजे जुळवलेली पानं, उचलताना चेस, म्हणजे भोवतीची लोखंडी चौकट, ढिली पडली आणि सोळा पानांच्या अहवालातली चार पानं जमिनीवर सांडली, तेव्हा मालक रागावले नव्हते. नुसते बाकावर बसून राहिले होते. माइन त्या राखेकडे बघते तेव्हा मला मालक दिसले.

आईनं मुद्दाम जाळलेलं नसतं, हे लेखिकेनं नीट सांभाळलंय. तिला त्या पट्ट्यांवरची अक्षरं ही अक्षरं वाटतच नाहीत. बापाला कामापुरतं थोडंफार येतं, बाकी घरात कोणालाच वाचता येत नाही. माइनला अक्षरं शिकवतो ऑटो नावाचा वेशीवरचा शिपाई, पाटीवर. तिथल्या हिशेबात ती मदत करते आणि मोबदला म्हणून पाटीवरच्या पेन्सिली घेते. आमच्या शाळेत असत्या तर अर्ध्या पोरांनी खाऊन संपवल्या असत्या. पगार पेन्सिलीत! ही कल्पना मला फार आवडली. हलकीफुलकी आहे आणि खरीही.

शेवटी कागद. शेजारचा लुट्झ हा तिच्याच वयाचा पोरगा. ही अशक्त, दहा पावलं चालली की ताप येतो. त्यामुळे डोकं हिचं आणि हात त्याचे. झाडाची फांदी वाफवायची, साल सोलायची, वाळवायची, पुन्हा भिजवायची, वरची काळी साल खरवडायची, राखेच्या पाण्यात शिजवायची, कुटायची, चिकट रस घालायचा आणि चौकटीत गाळायची. यातली एकही पायरी लेखिका वगळत नाही. राख कुठून आणायची? पातेलं कोणाचं? ठोकायचे खिळे कुठले? मराठीत दोन्हींना खिळेच म्हणतो आपण, भिंतीत ठोकायच्यांनाही आणि छापायच्यांनाही. या पोरीला दोन्ही हवेत आणि दोन्ही नाहीत. मग बेन्नो नावाचा कापडाचा बडा व्यापारी भांडवल घालतो, आणि फुकट घालत नाही. करार होतो, हक्क कोणाकडे, विक्री कोणाकडे, सगळं ठरतं. जादूचा करार आहे, बोटाचं रक्त लावून होतो, पण कलमं अगदी आपल्या स्टॅम्प पेपरसारखी.

एकदा खुलताबादला गेलो होतो तेव्हा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद करताना पाहिला होता. एक म्हातारा हौदापाशी बसून चाळण पाण्यात घालत होता आणि उचलताना किंचित हलवत होता. त्या हलवण्यातच सगळं होतं. तसं का करता, असं विचारलं तर म्हणाला, तसंच करतात. कादंबरीतले लुट्झचे पहिले ताव जाड-पातळ येतात, काही फाटतात, आणि मग हाताला ते कळत जातं. हे वाचताना वाटलं, या बाईनं एक तर स्वतः कागद केलाय किंवा करणाऱ्याशेजारी बराच वेळ बसलीय. बिघडलेले ताव वाया जात नाहीत. त्यांतूनच माइनचं पहिलं हातानं लिहिलेलं पुस्तक होतं, आईनं सांगितलेल्या गोष्टींचं. वेस्टेजमधून पुस्तक! आमच्या मालकांनी तिला लगेच नोकरीवर ठेवलं असतं.

दुसऱ्या भागात ती देवळाच्या अनाथालयातल्या मुलांना कामाला लावते आणि छपाई सुरू होते. आधी कागदात आकार कापून शाई मारायची, मग मेणकागदावर लोखंडी कलमानं लिहून. म्हणजे आपलं सायक्लोस्टाइल. जपान्यांत त्याला गारीबान म्हणतात, का तर कलम खालच्या कानशीवर घासताना गारी-गारी असा आवाज येतो. नातीनं हे सांगितलं आणि मला सहामाहीच्या प्रश्नपत्रिका आठवल्या. स्टेन्सिल कापायला शाळेचे गुरुजी स्वतः यायचे, दार लावून घ्यायचे आणि कापून झालं की खालचा कागदसुद्धा खिशात घालून न्यायचे. आवाज मात्र दाराबाहेर यायचा. आम्ही त्याला करकर म्हणायचो. जपानी कानाला गारी आणि आमच्या कानाला कर, एवढाच फरक.

आणि मग योहान! हा लोहाराकडचा तरुण पोरगा. काम इतकं काटेकोर करतो की गिऱ्हाईक वैतागतं. माप विचारतो, पुन्हा विचारतो, कोपरा किती गोल हवा ते विचारतो. त्याला पाठीराखा मिळत नाही. आणि इकडे माइनला हवा आहे नेमका असा माणूस, जो सगळे खिळे अगदी एका उंचीचे करील. खिळ्याची उंची केसाएवढी कमी असली तर अक्षर उमटत नाही आणि जास्त असली तर कागद फाटतो, हे ज्याला माहीत आहे त्यालाच योहान कोण ते कळेल. तो खिळे आणून देतो तेव्हा माइन आनंदानं वेडी होते, त्याला 'गुटेनबर्ग' अशी पदवी देते आणि कोसळते. त्या बिचाऱ्याला पदवी नको असते, गुटेनबर्ग कोण तेही माहीत नसतं. मी खळखळून हसलो, डोळ्याला पट्टी असताना. नंतर मात्र गप्प झालो. पंचवीस वर्षांत मला कोणी कसलीही पदवी दिली नाही. दिली असती तर मीही योहानसारखाच वैतागलो असतो, हेही खरं.

विनोद सगळेच आपल्यापर्यंत पोचत नाहीत. नामकरणासारख्या एका विधीत, सातव्या वर्षी, सगळी मुलं देवळात जातात. तिथे प्रार्थनेला दोन्ही हात वर करून एक पाय उचलून उभं राहायचं असतं. ते बघून माइन हसत सुटते आणि हसून-हसून आडवी होते. यात हसण्यासारखं काय ते मला कळेना. नातीनं ओसाकातल्या ग्लिको कंपनीच्या धावणाऱ्या माणसाच्या पाटीचं चित्र फोनवर काढून दाखवलं. तरी कळेना. मग ती खोलीच्या मधोमध तशी एका पायावर उभी राहिली आणि धपकन पडली. तेव्हा कळलं.

आता दोष.

पहिला दोष सुरुवातीचाच. खरी माइन कुठे गेली? ती पाच वर्षांची पोर तापात गेली आणि तिच्या अंगात ही बसली. सुरुवातीला हिला त्या घराची घाण वाटते, जेवण आवडत नाही, आईबाप परके वाटतात. पानंच्या पानं किरकिर आहे. लुट्झ एकदा तिला समोर उभी करून विचारतो, तू आमची माइन नाहीस ना? तो प्रसंग फार उतरलाय. पण तो मिटला की मिटलाच. आईच्या कुशीत झोपताना, आपण जिच्या जागी झोपलोय ती कुठे आहे, हा प्रश्न तिला वारंवार पडायला हवा होता. हलकीफुलकी गोष्ट आहे, मान्य. पण ज्या लेखिकेला खिळ्यांसाठी प्रकरणं खर्च करता येतात, तिला एका मेलेल्या मुलीसाठी आणखी चार पानं देता आली असती.

दुसरा दोष या जातीच्या सगळ्याच लिखाणाचा आहे. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' काढलं आणि त्यातून कादंबऱ्या क्रमशः दिल्या. ते साप्ताहिक होतं, आठवडाभर हात आखडायला वाव होता. इथे दिवसाआड प्रकरण. मग काल काय झालं ते पुन्हा सांगायचं, माइनला पुन्हा ताप आणायचा, पुन्हा कोणीतरी कपाळाला हात लावून म्हणायचं की हिला झालंय तरी काय! पुस्तक करताना बरंच सावरलंय म्हणतात, दुसऱ्या पात्रांच्या नजरेतून लिहिलेली नवी प्रकरणं घातली आहेत आणि ती चांगली आहेत. तरी पुनरुक्ती आहेच. मी कंपोझिटर होतो तेव्हा असा मजकूर आवडायचा, कारण फर्म्यावर पैसे मिळायचे.

तिसरा दोष नातीला पटत नाही. पोरगी पुस्तकवेडी आहे, पुस्तक छातीशी धरते, शाईचा वास घेते. सगळं खरं. पण एखाद्या पुस्तकानं तिला आतून हलवलं, एखादं वाक्य तिच्या डोक्यातून जाईना, असं मला बारा खंडांत फारसं दिसलं नाही. तिला पुस्तक हवं आहे. पुस्तकात काय आहे, ते नंतर. खरं सांगायचं तर आम्हा छापखानेवाल्यांचंही असंच होतं. ज्ञानेश्वरीच्या ओव्या जुळवल्या आहेत मी, आणि अर्थ विचाराल तर सांगता यायचा नाही. पण मी पगारासाठी जुळवत होतो. ती मेल्यावरही पुस्तक विसरली नाही, तेव्हा तिच्याकडून जास्त अपेक्षा ठेवली तर चुकलं कुठे? नात म्हणते, आबा, वेड असंच असतं, त्याला कारण नसतं. असेल.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी कागद हातात घेतला.

माइनचा कागद बाजारात आल्यावर चर्मपत्र करणाऱ्यांचा संघ आडवा येतो. त्यांचं म्हणणं, आमच्या पोटावर पाय. कादंबरीत हे लोक अडसर म्हणूनच येतात. मागासलेले, हटवादी, बेन्नोनं चतुराईनं बाजूला सारायचे. शेवटी तडजोड होते, की करारमदार चर्मपत्रावरच राहतील, बाकीच्याला नवा कागद चालेल. वाचक खूश, माइन खूश. आणि मी खाटेवर पडल्या-पडल्या विचार करत होतो, की करारमदार सोडून बाकीचं काम करणारे जे चर्मकार होते, त्यांचं काय झालं? कातडं भिजवणारे, ताणून खरवडणारे. ते हातही लुट्झच्या हातांसारखेच शिकलेले होते. त्यांना एक प्रकरण नाही. मला त्यांच्यातल्या एकाचं नावसुद्धा आठवत नाही.

ऑफसेट छपाई आली, डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची जुळणी, आलं, तेव्हा मी त्या चर्मकारांच्या जागी होतो. देवनागरी खिळ्यांच्या पेटीत, म्हणजे केसमध्ये, चारशेच्या वर खण असायचे. कुठल्या खणात अर्धा ष आहे, कुठल्यात रफार, हे डोळे मिटून हाताला माहीत होतं. रफाराचा खिळा नाजूक, त्याचा कान बाहेर आलेला, जरा धक्का लागला की टवका उडायचा. असा रफार सांभाळणारा हात एका वर्षात निकामी झाला. मी नव्या यंत्राला शिव्या दिल्या नाहीत. पोस्टरवर चार रंग एकदम छापून आलेले पाहिले तेव्हा मीही आ वासला होता. पण ज्याचं काम गेलं तो मूर्ख होता म्हणून गेलं, अशी गोष्ट कोणी सांगितली की ती मला खोटी वाटते. मग ती कितीही गोड असो.

हे मी नातीला ऐकवलं. ती दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एक पान काढून माझ्यापुढे धरलं. देवळातला मुख्य पुजारी फर्डिनांड हा कठोर माणूस. तो माइनला बजावतो, की खिळ्यांची छपाई इतक्यात नको, कारण पुस्तकांच्या नकला करून पोट भरणारी गरीब सरदार घराण्यांतली माणसं आहेत, ती उठतील. म्हणजे लेखिकेला हे माहीत होतं. मी ते पान आधी ऐकलं होतं आणि विसरलो होतो. तेव्हा तेवढा आरोप मागे घेतो. पण अर्धाच. फर्डिनांडला भीती आहे ती भांडण होईल याची. नकलनवीस रात्री दिव्यापाशी बसून काय विचार करत असेल, तिकडे गोष्ट वळत नाही. आणि नकलनवीस झाले तरी सरदारांतले, म्हणून त्यांचा विचार झाला. चर्मकारांचा तेवढाही नाही. नावात 'खालच्यानं वरच्याला उलथवणं' असलेल्या कादंबरीत हे खटकतंच.

आमच्या मिरजेचं एक सांगतो, विषय सुटला तरी. पुण्यात नाना फडणविसांच्या काळात एका तांबटानं तांब्याच्या पत्र्यावर नागरी अक्षरं कोरायची विद्या उचलली होती. नाना गेल्यावर तो मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाला आला आणि १८०५ मध्ये इथे भगवद्गीता छापली गेली. नानांचं नाव सगळ्यांना माहीत, पटवर्धनांचं मिरजेत तरी माहीत. तो तांबट मात्र सगळीकडे 'एक तांबट'. पुढे मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापलं. तेव्हा शाईत चरबी असते म्हणून लोक छापील पोथीला शिवायला तयार नव्हते, आणि त्यांनी शाईत तूप घातलं, असं सांगतात. अशा माणसांवर आपल्याकडे कोणी हलकीफुलकी कादंबरी का लिहीत नाही? जादूची गरजसुद्धा नाही. तूप आहे, सोवळं आहे, तांबट आहे. माइनच्या निर्मातीला योहानची मापं लिहाविशी वाटली, हे तिचं मोठेपण मी शंभर दोषांनंतरही मान्य करीन.

चौथ्या भागात का अडकलो, ते राहिलं. दुसऱ्या भागाच्या शेवटी माइनला मेल्याचं नाटक करून सरदारांच्या घरी रोझमाइन म्हणून जावं लागतं. आईबापांना पुन्हा आई, बाबा म्हणायचं नाही, असा करार. बाप गुंथर, मुलीवर जीव टाकणारा, त्या करारावर सही करतो. तो भाग नातीनं मला वाचून दाखवला नाही. फोन माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी चष्मा लावून सावकाश वाचला. हलक्याफुलक्या गोष्टीत एवढं जड दुःख पेलायला हात भक्कम लागतो, आणि इथे तो आहे.

तिसऱ्या भागात तरी छापखाना सोबत होता. चौथा भाग नऊ खंडांचा आणि तो बराचसा सरदारांच्या मुलांच्या विद्यालयात. तिथे ग्रंथालय आहे, सशांसारखी दोन जादूची बाहुली ते सांभाळतात. नातीला ती फार आवडतात. तिच्या दप्तराला तसलं एक लटकतंय. पण मंत्र, परीक्षा, घराण्यांची भांडणं, आणि देवांची नावं एवढी लांब की एका ओळीत बसवायची तर खिळ्यांची ओळ जुळवायची स्टिक पुरायची नाही. लुट्झ आणि योहान लांब राहिले. जे आधी हातानं व्हायचं ते आता जादूनं किंवा हुकमानं होतं. ताव फाटत नाही, खिळा मोडत नाही, आई काही जाळत नाही. मला कोणी सांगितलं, की पाचव्या भागात सगळे धागे फार सुंदर जुळतात. जुळत असतील, वाचीन. पण सध्या मी मागे जाऊन पहिला खंड पुन्हा वाचतोय, मातीच्या विटा फुटतात तिथपर्यंत आलोय.

तर आपल्या लेखकाला एवढंच कळवा, की एक तरी वाचून बघा. पोरं वाया जात आहेत की नाहीत ते मला माहीत नाही. आमच्या घरात एक पोर गेल्या महिन्यात जुने पेपर भिजवून, मिक्सरमधून काढून, चहाच्या गाळण्यावर कागद करत बसली होती. दोन ताव झाले. मिक्सरचं भांडं गेलं. तिच्या आजीनं जे काही म्हटलं ते छापण्याजोगं नाही.

आपला,
एक निवृत्त कंपोझिटर, मिरज
नाव छापू नये ही विनंती.

ता. क. : त्या लेखात तीन ठिकाणी 'पुर्नजन्म' छापलं आहे. रफार ज वर हवा. न वर नव्हे.